घरच्या घरी चिनी हॉटपॉट: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

हॉटपॉट म्हणजे टेबलावर उकळत ठेवलेल्या रश्शात शिजवत शिजवत खायचं जेवण. घरी केलेला हॉटपॉट बहुतेक वेळा एकाच पद्धतीने बिघडतो. रस्सा खळखळ उकळत असतो. मांडलेल्या ताटल्यांमधलं मटण, कोबी, मशरूम, नूडल्स सगळं एकदम भांड्यात जातं. उकळी बसते आणि पुढची दहा मिनिटं सगळे भांड्याकडे बघत राहतात. मटण चिवट होतं, पालकाचा लगदा होतो, बटाटा मात्र कच्चाच. चीनमध्ये थंडीत घरोघरी जो हॉटपॉट होतो त्यात उकळी मोडू न देता, थोडं थोडं टाकून, शिजलं की लगेच उचलून खातात. खालची सगळी तयारी एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

इथे घेतला आहे तो दोन कप्प्यांच्या भांड्याचा प्रकार. एका बाजूला सिचुआन-चोंगछिंग (नैऋत्य चीन) पद्धतीचा लाल, तिखट आणि जीभ बधीर करणारा रस्सा, दुसऱ्या बाजूला साधा पांढरा. मुलं, आजी-आजोबा आणि तिखटाचे शौकीन एका टेबलावर बसणार असतील तर हाच सोयीचा. प्रमाण पाच माणसांचं आहे. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर मोठं भांडं शोधू नका, दोन भांडी लावा. एका भांड्याभोवती आठ जण बसले की रस्सा उकळायला वेळच मिळत नाही.

1. शेगडी आणि भांडं

भांडं 30 सेंटिमीटर व्यासाचं, 7-8 सेंटिमीटर खोल, मध्ये पत्र्याचा पडदा असलेलं. प्रत्येक बाजूला साधारण दीड लिटर रस्सा मावला पाहिजे. भरल्यावर वरून निदान दोन बोटं जागा रिकामी राहावी, कारण लाल बाजू उकळताना वर येते.

टेबलावरची उष्णता तीन प्रकारे मिळते.

इंडक्शन शेगडी घरासाठी सगळ्यात सुरक्षित. भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटतो का ते विकत घेण्याआधी पाहा; कित्येक स्वस्त स्टीलच्या भांड्यांना चिकटत नाही आणि मग शेगडी सुरूच होत नाही. दुसरी गोष्ट प्लगची. 2000 वॉटची शेगडी 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर वीज ओढते. आपल्याकडच्या घरांतला छोटा 6 अँपिअरचा सॉकेट किंवा त्याला लावलेली पातळ वायरची एक्स्टेन्शन यासाठी नाही. 16 अँपिअरच्या सॉकेटजवळ टेबल सरकवा. वायर मुलांच्या पायांत येणार नाही अशा बाजूने न्या.

ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी छोटी गॅस शेगडी चीन आणि जपानमध्ये फार वापरतात. तिच्यावर शेगडीपेक्षा रुंद भांडं ठेवू नका. भांड्याचा काठ डबा ठेवायच्या कप्प्यावर आला की उष्णता परतून डब्यावर पडते, आतला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. त्याच कारणाने शेगडीभोवती अॅल्युमिनियम फॉइलचा आडोसा नको आणि दोन शेगड्या चिकटवून वर एक मोठं भांडं तर अजिबात नको. कडाक्याच्या थंडीत बाल्कनीत बसलात तर ज्योत मंदावेल. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास नीट वायुरूप होत नाही, म्हणून तसं होतं. तो डबा गरम पाण्यात किंवा हीटरजवळ ठेवून तापवायचा मोह टाळा. सरळ आत या.

मधोमध धुराडं असलेलं तांब्याचं भांडं बीजिंगच्या मटण-हॉटपॉटचं. दिसायला देखणं, पण त्यात कोळसा जळतो आणि बंद खोलीत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत दारं-खिडक्या लावून घेण्याची सवय इथेच जिवावर बेतते. हे भांडं उघड्यावर वापरायचं. आणि आधी पाणी, मग निखारे. कोरड्या भांड्यात निखारे घातले तर सांध्यांचा डाख वितळून भांडं गळायला लागतं.

तपासा: गॅस असो वा नसो, एक खिडकी चार बोटं उघडी आहे ना? दोन तास वाफ सुटणार आहे. काचांवर पाणी जमेल आणि परदेशातल्या घरांत धुराचा अलार्म जवळ असेल तर तोही वाजेल.

2. आदल्या दिवशी: लाल मसाला

भारतात मिळणारा बाटलीतला शेजवान सॉस इथे चालत नाही. त्यात व्हिनेगर, साखर आणि अनेकदा कॉर्नफ्लोअर असतं. उकळल्यावर रस्सा आंबट आणि चिकट होतो. नेहमीची चूक आहे म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

तयार मसाल्याचं पाकीट मिळत असेल तर खुशाल वापरा. चीनमधली बरीच घरंही तेच करतात. फक्त लेबल वाचा: चोंगछिंग पद्धतीच्या पाकिटात बहुधा गाय-बैलाची चरबी असते. चिनी नावात “न्यौयौ” असेल तर चरबी, “छिंगयौ” असेल तर वनस्पती तेल. पाकीट मोठं असेल तर अख्खं ओतू नका. दीड लिटर रश्शाला साधारण 150 ग्रॅम मसाला पुरतो, वाटलंच तर मागाहून वाढवता येतो.

घरी करायचा तर हे जिन्नस लागतील:

- वास नसलेलं तेल 250 मिली
- दोउबानज्यांग (सिचुआनची मिरची आणि बाकल्याच्या डाळीची आंबवलेली पेस्ट) 100 ग्रॅम
- सुक्या लाल मिरच्या 40 ग्रॅम
- सिचुआन मिरी 12 ग्रॅम
- आलं 40 ग्रॅम, लसूण 40 ग्रॅम, पातीचे कांदे 3
- आंबवलेले काळे सोयाबीन 1 मोठा चमचा
- चक्रीफूल 2, दालचिनीचा बोटभर तुकडा, मसाला वेलची 1, तमालपत्र 2, बडीशेप 1 लहान चमचा
- खडीसाखर 15 ग्रॅम
- तांदळाची वाइन 2 मोठे चमचे (नसेल तर सोडून द्या)

सिचुआनमध्ये रंग-वासासाठी एक मिरची आणि तिखटासाठी दुसरी अशी जोडी वापरतात. आपल्याकडे ब्याडगी 30 ग्रॅम आणि लवंगी 10 ग्रॅम हे काम चांगलं करतात. सगळी लवंगीच घातली तर रस्सा तिखटजाळ होतो, पण लाल होत नाही.

सिचुआन मिरीच्या जागी तिरफळ चालेल का? दोन्ही एकाच कुळातली, त्यामुळे ओळखीची झिणझिण येते. पण सुगंध वेगळा आहे आणि बधिरपणा बराच कमी. सिचुआन मिरी मिळालीच नाही तर तिरफळ घ्या, चव मात्र कोकणाकडे झुकेल. दोन्हींमधल्या काळ्या बिया काढून टाकायच्या, त्या दातांखाली वाळूसारख्या येतात.

आता क्रम. मिरच्या कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळा, जाडसर वाटा. सिचुआन मिरी आणि खडा मसाला वेगवेगळ्या वाट्यांत कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून निथळा. भिजवण्याचं कारण साधं आहे: कोरडा मसाला तेलात एका मिनिटात करपतो, ओला हळूहळू वास सोडतो.

तेल मध्यम तापवून त्यात पातीचा कांदा आणि आल्याचे काप तपकिरी होईपर्यंत तळा आणि काढून टाका. आंच अगदी मंद करा. दोउबानज्यांग घालून पाच-सहा मिनिटं परता. तेल लाल दिसायला लागलं की वाटलेली मिरची घाला आणि 12 ते 15 मिनिटं सतत हलवत राहा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, ते पाण्याचे. बुडबुडे बारीक झाले की पाणी उडालं. मग ठेचलेला लसूण, काळे सोयाबीन, खडा मसाला. आणखी पाच मिनिटं. सगळ्यात शेवटी सिचुआन मिरी, खडीसाखर आणि वाइन, पाचच मिनिटं. गॅस बंद करून झाकून ठेवा आणि रात्रभर मुरू द्या. लगेच वापरला तर वास तेलात पुरता उतरलेला नसतो.

सावधान: लगदा काळपट दिसला, जळका वास आला तर तो मसाला वाचत नाही. साखर घालून कडवटपणा झाकता येत नाही, पाणी घालून तर मुळीच नाही. पुन्हा करा. मीठ कुठेही घातलेलं नाही हे लक्षात घ्या. दोउबानज्यांग पुरेशी खारट असते.

3. पांढरा रस्सा

कोंबडीची हाडं आणि पाय मिळून एक किलो घ्या. गार पाण्यात घालून उकळी आणा, तीन मिनिटांनी ते पाणी फेकून हाडं धुवा. मग तीन लिटर ताजं पाणी, आल्याचे पाच काप, दोन पातीचे कांदे घालून मंद आंचेवर अडीच तास ठेवा. गाळून साधारण सव्वादोन लिटर रस्सा मिळतो. पहिलं पाणी फेकायचा कंटाळा केला तर रस्सा राखाडी होतो आणि टेबलावर रात्रभर फेस काढत बसावं लागतं.

शाकाहारी रस्सा तासाभरात होतो: आठ सुकी शिताके मशरूम, चायनीज कोबीचा बुडखा, एक गाजर, आलं, अडीच लिटर पाणी. वाढताना पाच-सहा सुकी लाल चिनी बोरं आणि चमचाभर गोजी बेरी घातली की किंचित गोडी येते. मुलांना टोमॅटोचा रस्सा जास्त आवडतो. 700 ग्रॅम पिकलेले टोमॅटो सोलून, तेलात लसणावर पूर्ण मऊ होईपर्यंत परतायचे आणि वर दीड लिटर रस्सा घालायचा.

मीठ बेताचं. चाखून “थोडं अळणी आहे” असं वाटलं पाहिजे. दोन तास आटत राहिल्यावर तेच पाणी खारट होणार आहे.

घरात कोणी शाकाहारी असेल तर त्यांच्यासाठी वेगळं छोटं भांडं आणि वेगळी शेगडी हवी. दोन कप्प्यांच्या भांड्यात उकळताना थेंब पडद्यावरून इकडचे तिकडे उडतातच, त्यामुळे “ही बाजू शाकाहारी” ही नुसती समजूत राहते. ऑयस्टर सॉस शिंपल्यांचा असतो आणि फिश बॉलसारखे दिसणारे गोळे कशाचे आहेत ते पाकिटावर वाचल्याशिवाय कळत नाही, हेही बघा.

4. कापणं आणि भिजवणं

माणशी अंदाज: मांस-मासळी 150 ते 200 ग्रॅम, भाज्या-मशरूम 250 ग्रॅम, टोफू आणि गोळे मिळून 100 ग्रॅम, नूडल्स कोरड्या 40-50 ग्रॅम. बाजारात गेल्यावर हात सैल सुटतो आणि दुप्पट आणलं जातं. चार प्रकारच्या भाज्या पुरतात.

मटणाचे काप दीड-दोन मिलिमीटर जाडीचे हवेत. ताज्या मऊ मांसाचे असे काप सुरीने होत नाहीत. खाटकाकडून मांडीचा किंवा पाठीचा बिनहाडाचा अख्खा तुकडा मागून घ्या. न सांगता करी कट आणलं तर हॉटपॉटला काही उपयोग नाही. तुकडा घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये दीड-दोन तास ठेवा. बाहेरून कडक आणि आत सुरी शिरेल इतपत झाला की धाग्यांना आडवा कापा. धाग्यांच्या दिशेने कापलेला काप कितीही पातळ असला तरी दोरीसारखा लागतो. बीजिंगला मेंढीचं मांस वापरतात, त्यात चरबी असते. आपल्याकडचं बोकडाचं मटण सुकं असतं; त्यामुळे काप आणखी पातळ करा आणि पांढऱ्या रश्शात चरबीचा एखादा तुकडा आधी सोडा. बीजिंगमध्येही मेंढीच्या शेपटीची चरबी आधी रश्शात फिरवण्याची पद्धत आहे.

परदेशात असाल तर चिनी दुकानात यंत्रावर कापलेल्या गोठवलेल्या गुंडाळ्या मिळतात, त्याच घ्या. त्या पूर्ण वितळू देऊ नका. वितळल्या की एकमेकींना चिकटून गोळा होतो. फ्रीझरमधून काढून दहा मिनिटांत टेबलावर.

चिकनचे काप 3 मिलिमीटर. 300 ग्रॅमला एका अंड्याचा पांढरा भाग, दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा सोया सॉस चोळून अर्धा तास ठेवलं तर शिजल्यावर मऊ राहतं. हे चिकन लाल बाजूत टाका. पांढऱ्यात टाकलं तर कॉर्नफ्लोअरने रस्सा गढूळ होतो.

कोळंबीचे गोळे मुलांसाठी उत्तम: सोललेली कोळंबी 300 ग्रॅम, काळा दोरा काढून, सुरीने बारीक ठेचून, त्यात अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, पाऊण लहान चमचा मीठ. एकाच दिशेने हात दुखेपर्यंत फेटा. वाटी उलटी केली तरी पडलं नाही की झालं. मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटलं तर गोळा रबरासारखा होतो.

टोफू आदल्या रात्री फ्रीझरमध्ये टाका, सकाळी वितळवून हाताने पिळा. त्याला जाळी पडते आणि तो रस्सा शोषतो. न गोठवलेला मऊ टोफू भांड्यात विरघळून जातो.

बटाटा आणि कमळकाकडीच्या 3-4 मिलिमीटर चकत्या करून पाण्यात ठेवा. कोहळा चीनमध्येही हॉटपॉटचा नेहमीचा जिन्नस. बोटभर जाड फोडी करा. मुळाही तसाच. कोबीचे देठ आणि पानं वेगळी ठेवा, दोघांच्या शिजण्याच्या वेळा वेगळ्या आहेत. पालेभाजी धुतल्यावर कोरडी करायला विसरू नका. ओल्या पानांबरोबर आलेलं गार पाणी उकळी मोडतं.

काळ्या बुरशीबद्दल (सुकी “वुड इअर” मशरूम) जरा थांबून. ती दोन तासांत फुगते. सोयीसाठी रात्रभर बाहेर भिजत घालू नका. फार वेळ भिजलेल्या बुरशीत असं जिवाणू-विष तयार होऊ शकतं जे उकळूनही जात नाही, आणि त्याने माणसं दगावली आहेत. भिजल्यावर बुळबुळीत लागली किंवा वास आला तर फेका. फरसबी किंवा घेवडाही हॉटपॉटमध्ये नको. तो पूर्ण शिजायला दहा मिनिटं सतत उकळी लागते, आणि टेबलावर तेवढा धीर कोणाला नसतो.

तपासा: कच्च्या मांसाचा पाट आणि सुरी भाज्यांच्या आधी वापरली असेल तर साबणाने धुतली का? उलटा क्रम ठेवला, भाज्या आधी आणि मांस शेवटी, तर प्रश्नच येत नाही.

5. बुडवायची वाटी

ही प्रत्येकाची स्वतंत्र. लाल बाजूचं खाणाऱ्यांसाठी चोंगछिंगची तेलवाटी: तिळाचं तेल तीन मोठे चमचे, बारीक चिरलेला लसूण एक मोठा चमचा, कोथिंबीर, चिमूटभर मीठ, हवं तर थोडं काळं व्हिनेगर. तेलामुळे घास थोडा निवतो आणि तिखटाचा चटका कमी होतो. इथे लागणारं तेल भाजलेल्या तिळाचं, तपकिरी असतं. आपलं घाण्याचं फिकट तीळतेल वेगळं लागतं. भाजलेल्या तिळाचं तेल उग्र वाटलं तर निम्मं साधं तेल मिसळा.

मटणासाठी बीजिंगची तिळाची वाटी. चार मोठे चमचे तिळाची पेस्ट घेऊन एकेक चमचा कोमट पाणी घालत ढवळा. आधी ती घट्ट होते, दाणेदार होते, बिघडली असं वाटतं. थांबू नका. आणखी दोन-तीन चमचे पाणी गेलं की सैल आणि फिकट होते. एकदम वाटीभर पाणी ओतणाऱ्यांच्या गुठळ्या मात्र शेवटपर्यंत मोडत नाहीत. त्यात आंबवलेल्या टोफूचा एक चौकोन कुस्करून, एक चमचा सोया सॉस आणि मिळाली तर चिनी लसूणपातीच्या (गार्लिक चाइव्ह) फुलांची खारट चटणी अर्धा चमचा.

एकाच वाटीत टेबलावरचं सगळं मिसळू नका. तिळाची पेस्ट, मिरचीचं तेल, व्हिनेगर, ऑयस्टर सॉस आणि साखर एकत्र झाले की सगळ्या घासांना एकच चव येते.

6. टेबल मांडणं

भांडं मध्ये, ताटल्या भोवती, मांस निम्मं टेबलावर आणि निम्मं फ्रिजमध्ये. जेवण दोन तास चालतं. शेगडीच्या शेकाजवळ कच्चं चिकन तेवढा वेळ ठेवायचं नाही.

कच्चं उचलायला दोन लांब चिमटे, खायला प्रत्येकाच्या चॉपस्टिक किंवा काटा. ही सगळ्यात जास्त मोडली जाणारी शिस्त आहे. कच्चं मांस उचललेल्या चॉपस्टिकने कोणी घास तोंडात घातला की बाकीची स्वच्छता वाया. चिमटे रंगीत किंवा वेगळ्या आकाराचे ठेवा, गप्पांच्या नादात हात चुकत नाही.

शिवाय: जाळीचा एक झारा आणि एक डाव दोन्ही बाजूंना वेगळे, उकळत्या पाण्याची किटली, फेस काढून टाकायला वाटी. लहान मुलं भांड्यापासून हातभर लांब, आणि त्यांना मोठ्यांनी वाढायचं.

लाल बाजूत गाळलेला दीड लिटर रस्सा आणि मुरलेला मसाला घालून स्वयंपाकघरातच दहा मिनिटं उकळून घ्या, मग टेबलावर आणा. वर बोटभर जाड तर्री दिसली पाहिजे. तर्री फार वाटते म्हणून काढून टाकू नका. तीच वरून झाकण घालते आणि उष्णता धरून ठेवते. सव्वादोन लिटरपैकी उरलेला रस्सा पांढऱ्या बाजूला घ्या आणि कमी पडेल तेवढं उकळतं पाणी घाला.

7. शिजवायचा क्रम

जेवायला बसल्यावर पहिल्यांदा पांढरा रस्सा वाटीत घेऊन प्या. आत्ता तो स्वच्छ आहे. तासाभराने त्यात मीठ, चरबी आणि सगळ्यांचा उरलासुरला गाळ उतरलेला असतो, तेव्हा तो प्यायचा नसतो. लाल रस्सा तर कधीच पीत नाहीत, ते शिजवण्याचं माध्यम आहे.

मग हा क्रम: चव सोडणारे जिन्नस आधी (शिताके, मुळा, कमळकाकडी), त्यांच्याबरोबर पातळ मटण, मग चिकन, कोळंबी, गोळे, मग टोफू, पालेभाजी त्यानंतर, आणि नूडल्स अगदी शेवटी. नूडल्स आणि बटाटा लवकर टाकले तर पिठूळपणा सुटतो, रस्सा दाट होतो आणि तळाला लागतो.

एका वेळी एका बाजूत मूठभरच टाका. उकळी बसली आणि अर्ध्या मिनिटात परत आली नाही, तर जास्त पडलं असं समजा. वेळ मोजायचा तो उकळी परतल्यापासून.

- पातळ मटण: रंग बदलेपर्यंत, 15 ते 20 सेकंद. सोडून देऊ नका, चिमट्यात धरून हलवा.
- चिकनचे काप: 2 ते 3 मिनिटं, एक फोडून आतून पांढरं आहे ते बघा.
- कोळंबी: 2 मिनिटं. कोळंबीचे गोळे: वर तरंगल्यावर आणखी 1 मिनिट.
- गोठवलेले फिश बॉल: 5 ते 6 मिनिटं.
- शिताके 5, काळी बुरशी 4, एनोकी (लांब बारीक देठांची पांढरी मशरूम) 2 मिनिटं. एनोकी कच्चट खाऊ नका.
- गोठवून पिळलेला टोफू: 4 मिनिटं.
- बटाटा 4 ते 5, कमळकाकडी 4, कोहळा 5 ते 6, मुळा 8 ते 10 मिनिटं.
- कोबीचे देठ 3 मिनिटं, पानं 1 मिनिट, पालक 15 सेकंद.
- भिजवलेल्या काचेसारख्या पारदर्शक नूडल्स: 3 मिनिटं.

चोंगछिंगला प्राण्याच्या जठराचे पातळ पापुद्रे लाल रश्शात सात वेळा खाली-वर करून साधारण 15 सेकंदांत उचलतात. जास्त वेळ ठेवले तर रबर होतात. आपल्याकडे वजडी खाणाऱ्यांनी हे करून बघायला हरकत नाही, पण ती आधी नीट साफ करून, उकडून, मऊ केलेली हवी.

पालेभाजी पांढऱ्या बाजूतच. लाल बाजूत टाकलेलं पान स्पंजासारखं तेल शोषून घेतं आणि पहिल्याच घासाला ठसका लागतो. जाळीदार टोफू लाल बाजूत छान लागतो, पण आतला रस्सा उकळता असतो. वाटीत घेऊन दोन तुकडे करा, अर्धा मिनिट थांबा, मग खा. तोंड भाजण्याच्या बहुतेक तक्रारी या टोफूच्या असतात.

तिखट चढलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. ताक किंवा गार सोया दूध घ्या.

8. रस्सा सांभाळणं

एक माणूस भांड्याचा जबाबदार ठरवा. सगळ्यांनी थोडं थोडं बघायचं ठरलं की कोणीच बघत नाही.

पातळी एक चतुर्थांश उतरली की भर घाला, आणि ती उकळत्या पाण्याची किंवा गरम रश्शाची. गार पाणी ओतलं तर उकळी पाच मिनिटं मोडते आणि तेवढ्यात आत असलेलं मांस चिवट होतं. लाल बाजूतही पाणीच घाला, मसाला नाही. मसाल्याचा अर्क आटत जातो तसा रस्सा आपोआप कडक होतो. दर वीस मिनिटांनी झाऱ्याने तळ फिरवा. बुडाला गेलेला बटाटा किंवा नूडल्सचा तुकडा करपला तर तो वास पूर्ण भांड्याला लागतो.

आंच सतत पूर्ण ठेवायची गरज नाही. टाकताना मोठी, खाताना मध्यम. गॅसचा डबा संपला तर शेगडी बंद करून, ती गार झाल्यावर, टेबलापासून लांब जाऊन बदला.

तपासा: शेवटचं कच्चं मांस गेल्यानंतर रस्सा पूर्ण पाच मिनिटं उकळला का? त्यानंतरच नूडल्स.

9. नूडल्स आणि उरलेलं

नूडल्स पांढऱ्या बाजूत टाका, वाटीत काढा, वर चमचाभर तर्री आणि कोथिंबीर. दोन्ही बाजू एकत्र करून “मिक्स” करायची कल्पना दरवेळी कोणाला तरी सुचते. त्यातून नुसतं तेलकट पाणी मिळतं.

उरलेला पांढरा रस्सा गाळा, पाच मिनिटं उकळा, पसरट भांड्यात लवकर गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून भाताबरोबर किंवा डाळीत वापरा, नुसता पिऊ नका, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. लाल रस्सा साठवू नका. कोरा मसाला उरला असेल तर बरणीत, वर तेलाचा थर राहील असा, फ्रिजमध्ये महिनाभर टिकतो.

लाल रस्सा गरम असताना सिंकमध्ये ओतू नका. चरबीचं पाकीट वापरलं असेल तर ती पाईपमध्ये गोठून सकाळी सिंक तुंबेल. रात्रभर गार होऊ द्या. गोठलेला थर झाऱ्याने उचलून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि कचऱ्यात टाका. वनस्पती तेलाचा मसाला असेल तर थर गोठत नाही. तर्री डावाने वरच्यावर काढून रिकाम्या बाटलीत भरा. भांड्याच्या पडद्याच्या कोपऱ्यांत अडकलेली सिचुआन मिरी घासणीने निघत नाही, त्यासाठी गरम पाणी आणि सोडा घालून दहा मिनिटं उकळावं लागतं.